गाडी पायथ्याला, आपण वर, आणि जीव टांगणीला

पत्र नाशिकहून आलंय. मुलगा २६ वर्षांचा, नोकरीला लागून दोन वर्षं झालीत, हप्त्यावर हिमालयन बाईक घेतलीय. पत्र मोठं आहे म्हणून त्याच्याच शब्दात पण थोडक्यात देतो:

"दादा, डिसेंबरात आम्ही चौघं दोन बाईकवर एका किल्ल्याला गेलो. माझी हिमालयन आणि मित्राची जुनी स्प्लेंडर. गाव अर्धा किलोमीटर पुढे होतं, पण वाट रस्त्याच्या वळणावरूनच सुरू होते म्हणून तिथेच वडाखाली गाड्या लावल्या, हँडल लॉक केलं आणि दोन रात्री वर राहिलो. खाली आलो तर माझी सॅडल बॅग पट्टे कापून नेलेली, आत रेनसूट, टूलकिट आणि ओरिजिनल आरसी. आरशाला अडकवलेली दोन हेल्मेटं गेली. स्प्लेंडरचं पेट्रोल काढून घेतलं, ती ढकलत गावात न्यावी लागली. पोलिसात गेलो नाही, म्हटलं कोण दिवस घालवणार. आता फेब्रुवारीत सांदण दरीचा प्लॅन आहे, दोन बाईक आणि एका मित्राची ईको व्हॅन. आई म्हणते गाडी घरी ठेव नाहीतर जाऊच नको. कुठलं लॉक घेऊ? बाईकशेजारीच तंबू लावून झोपू का? आणि मित्र म्हणतोय त्या गावातल्या पोरांना एकदा जाऊन दम देऊ, जाऊ का?"

मित्रा, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो कारण तो सगळ्यात सोपा आहे. नको जाऊ. तूच लिहिलंयस की गाव अर्धा किलोमीटर पुढे होतं आणि गाड्या वळणावर होत्या, म्हणजे दोन दिवसात त्या रस्त्यावरून गेलेला कोणीही तिथे थांबू शकत होता, शनिवार-रविवारचे पर्यटक, पिकअपवाले, कोणीही. गावातल्या पोरांचा संशय तुम्हाला आला तो फक्त ती पोरं तिथे दिसली म्हणून. आणि खरं सांगू का, ज्या वाडीत चार घरं ट्रेकरांच्या जेवणावर आणि वाटाड्या म्हणून जाऊन चार पैसे कमावतात त्या वाडीला आपल्या दारात चोरी झालेली तुझ्यापेक्षा जास्त नकोशी असते, कारण एकदा नाव खराब झालं की पुढच्या सीझनला गाड्या येत नाहीत. दम द्यायला जाण्यापेक्षा त्या गावच्या पोलीस पाटलांना जाऊन भेट, नमस्कार कर, काय झालं ते सांग. पोलीस पाटील म्हणजे नावापुरता माणूस नाही, १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्याखाली नेमलेला असतो आणि गावात काय गुन्हा झाला हे पोलिसांना कळवणं हे त्याचं कामच आहे. कधीकधी हेल्मेट तिथल्या तिथेच सापडतं, चोराला नको असलेलं पुढच्या मोरीखाली फेकलेलं असतं.

आता तुमचं चुकलं कुठे. लॉकमध्ये नाही चुकलं. जागेत चुकलं. पाचशे मीटर चालायचा कंटाळा केलात, बाकी काही नाही. मी पण केलाय हो, मी काही साधू नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका धरणाच्या बॅकवॉटरला आम्ही तंबू ठोकला होता आणि कार वर रस्त्याच्या कडेला, झाडीमुळे तंबूतून दिसत नव्हती. सकाळी मागच्या दाराची काच फोडलेली, सीटवरची बॅग गायब. त्या बॅगेत होतं काय तर ओले टॉवेल, एक बनियन आणि अर्धा किलो चिवडा. चोराचं काय झालं असेल ते झालं पण मला काच बदलायला चिवड्याच्या कितीतरी पट पैसे गेले, आणि घरी येईपर्यंत खिडकीला लावलेला प्लास्टिकचा कागद फडफड फडफड करत होता, त्या आवाजाने बायकोने पूर्ण रस्ताभर काही बोलायची गरजच ठेवली नाही. तेव्हापासून एक कळलं, चोराला बॅगेत काय आहे ते दिसत नाही, त्याला बॅग दिसते. त्यामुळे गाडीत किमती वस्तू ठेवू नका हे अर्धंच झालं, गाडीत काहीच दिसायला नको, रिकामी पिशवी पण नको, चार्जरची वायर लोंबत नको, आणि डिकीत जे टाकायचंय ते घरून निघतानाच टाकायचं. पार्किंगला पोचल्यावर सगळ्यांसमोर डिकी उघडून लॅपटॉपची बॅग खाली दाबायची आणि वर चादर टाकायची, हे म्हणजे ठेवलंय कुठे ते दाखवून जाणं झालं.

सांदणचं बोलू. साम्रदला, म्हणजे दरीच्या वरच्या गावाला, जाताय तर घोटीवरून भंडारदरा आणि पुढे घाटघर किंवा रतनवाडी बाजूने. तिथे गाडी वळणावर, झाडाखाली, मंदिराच्या मागे वगैरे लावायची नाही, सरळ गावात घ्यायची आणि ज्या घरी जेवण सांगणार आहात त्याच घरी लावायची. आधी फोन करून ठेव, कारण गावात पोचल्यावर रेंज मिळेलच असं धरू नकोस. त्या घरच्या मामांना विचारायचं, "मामा, गाड्या कुठं लावू?" हे वाक्य साधं वाटतं पण त्यात सगळं आलं, कारण त्यांनी दाखवलेल्या जागी गाडी लावली की ती त्यांची जबाबदारी होते, आपण आपल्या मनाने लावली तर नाही होत. बाईक असेल तर पडवीत किंवा गोठ्याच्या बाजूला घेऊ देतात बऱ्याचदा. फक्त खळ्यावर लावू नका रे बाबांनो. ती सारवलेली सपाट मोकळी जागा बघून शहरातल्या माणसाला पार्किंगच वाटतं, ते धान्य झोडायचं खळं असतं. पार्किंगचे पैसे किती ते आधीच बोलून घ्यायचं आणि घासाघीस करायची नाही. बाईकचे पन्नास जास्त वाटतात आणि वर जाऊन त्याच पन्नासची मॅगी खातो आपण.

आणखी एक. बरीच मंडळी सांदणला दरी उतरून खाली मुक्काम करतात आणि दुसऱ्या दिवशी करोली घाटाने परत साम्रदला चढतात, काहीजण मात्र खाली डेहणेकडे उतरून तिकडूनच घरी जातात. तुम्ही गाड्या घेऊन जाताय म्हणजे परत वर यावंच लागणार, तर कधी येणार ते मामांना सांगून जा, "रविवारी चारपर्यंत येतो" एवढं. याचा दुहेरी फायदा आहे, गाडीवर लक्ष राहतं आणि तुम्ही नाही आलात तर कोणीतरी शोधायला निघतं.

मामा म्हणतील चावी ठेवून जा, हलवायला लागली तर. चावी नको ठेवूस. त्यांच्यावर अविश्वास म्हणून नाही, त्यांना असंच सांग की गाडी हप्त्यावर आहे आणि इन्शुरन्सवाले दोन्ही चाव्या मागतात. ते खरंच मागतात. गाडी चोरीला गेली की क्लेमच्या वेळी दोन्ही ओरिजिनल चाव्या द्याव्या लागतात, एक नसली की प्रश्नांची सरबत्ती सुरू होते की चावी गाडीलाच ठेवली होती का, निष्काळजीपणा केला का. त्यामुळे गाडी अशीच लावायची की हलवायला लागणार नाही. दुसरी चावी घरी आईकडे.

आणि हातातली चावी जप! सांदणमध्ये सुरुवातीलाच पाण्याचे डोह लागतात, फेब्रुवारीत पाणी कमी असेल पण असतं, आणि ईकोची साधी चावी भिजली तर काही होत नाही पण रिमोटवाली किंवा स्मार्ट की असलेली गाडी कोणी आणली आणि ती पँटच्या खिशात ठेवून पाण्यात उतरला की संध्याकाळी बसा आकाशातले तारे बघत. झिपलॉक पिशवीत घालून, हवा काढून, सॅकच्या आतल्या चेनच्या कप्प्यात, आणि तो कप्पा घरी जाईपर्यंत उघडायचा नाही. माझ्या ओळखीत चोरीने जेवढ्या ट्रिपा बोंबलल्या त्यापेक्षा जास्त चावी हरवल्याने बोंबलल्यात.

लॉकचं विचारलंस. हँडल लॉक म्हणजे काहीच नाही, जोर लावून झटका दिला की तुटतं. तुझ्यासाठी डिस्क लॉक घे आणि एक जाड साखळी घे, पण साखळी नुसती चाकात घालून ठेवू नकोस, चाकातून आणि चॅसीतून काढून दोन्ही बाईक एकमेकींना बांधा, एकाचं पुढचं चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकाला, म्हणजे उचलून पिकअपमध्ये टाकायची तर दोन्ही एकदम उचलाव्या लागतील. साखळी जमिनीला टेकू द्यायची नाही, ताणून वर ठेवायची, कारण जमिनीवर ठेवून तिच्यावर हातोडा मारायला किंवा कटर दाबायला सोपं जातं. डिस्क लॉक लावल्यावर थ्रॉटलला एक लाल चिंधी बांध. का ते विचारू नकोस, एकदा पहाटे थंडीत घाईघाईत गाडी सुरू करून पहिला गिअर टाकलास आणि लॉक तसंच असलं की आपोआप कळेल, दोन फुटांवर माणूस आडवा.

स्प्लेंडरचं वेगळं आहे. जुन्या गाडीचं लॉक इतकं झिजलेलं असतं की दुसऱ्याची चावी पण लागते, लॉक सेट नवीन टाकायला फार खर्च नाही, मित्राला सांग. पेट्रोल जातं ते टाकीखालच्या कॉकमुळे, पाइप ओढला, बाटली लावली, संपलं. कॉक बंद केला म्हणून काही होत नाही, तो हातानेच उघडतो. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-सिक्स गाड्या बहुतेक सगळ्या एफआय, म्हणजे फ्युएल इंजेक्शनवाल्या आहेत, पंप टाकीच्या आत असतो, त्यामुळे तिथे हा उद्योग इतका सोपा राहिला नाही, म्हणून तर तुझ्या हिमालयनच्या पेट्रोलला हात नाही लावला आणि बिचाऱ्या स्प्लेंडरला लुटलं. उपाय म्हणशील तर टाकी फुल करून न जाणे, लागेल तेवढं आणि वर दोन लिटर, आणि दोन लिटर दुसऱ्याच्या गाडीत आहे हे माहीत असणे.

ईकोवाल्याला मात्र आधीच सांगून ठेव, ईकोचे सायलेन्सर चोरीला जातात. हसू नकोस, खरंच जातात, पुणे-मुंबईकडे आणि गुजरातेत टोळ्या पकडल्यात. सायलेन्सरसोबत जो धूर साफ करणारा कॅटलिटिक कन्व्हर्टर असतो त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे महागडे धातू असतात, ते धातू असलेली आतली माती काढून विकतात. ईकोच्या खाली सरकून तो काढणं सोपं पडतं. हा प्रकार शहरातल्या पार्किंगमध्येच जास्त, साम्रदला कोणी पाना घेऊन बसलेलं नसेल, पण जाता-येता हायवेवर रात्री झोपायला थांबलात तर दिव्याखाली आणि भिंतीला चिकटून लावा.

गॅजेटबद्दल तू लिहिलं नाहीस पण लिहिशील म्हणून सांगतो. वस्तू शोधायचा छोटा ब्लूटूथ टॅग गाडीत लपवून ठेवायची फॅशन आलीय. तो टॅग स्वतः सॅटेलाइटशी बोलत नाही, आजूबाजूने जाणाऱ्या लोकांच्या फोनवरून तो आपला पत्ता कळवतो, आणि ज्या वाडीत रेंजच नाही तिथे तो गप्प बसतो. सिमवाला जीपीएस ट्रॅकर पण नेटवर्कवरच चालतो. उपयोग नाही असं नाही, चोर गाडी घेऊन शहराकडे आला की कळेल, पण तू दरीत असताना तुला काही कळणार नाही. अलार्मचं तर विचारूच नकोस, तू खाली, गाडी वर, मध्ये एवढा कडा. तो वाजेल आणि मामांच्या म्हशी बिथरतील.

बाईकशेजारी तंबू लावून झोपणे: तुम्ही दरीत जाणार असाल तर कसं झोपणार? पण धरणाकाठी वगैरे कॅम्पिंगला जाल तेव्हा जरूर, तंबू आणि रस्ता यांच्या मध्ये गाडी आली पाहिजे आणि तोंड निघायच्या दिशेला. बाईकच्या चाकाला दोरी बांधून तिला टोप आणि डाव अडकवायची आमची जुनी पद्धत आहे, रात्री कोणी हलवलं की खणखणाट. अर्ध्या वेळा कुत्रं असतं. खरा कोणी माणूस दिसला तर टॉर्च मारा, ओरडा, पण मागे पळू नका, अंधारात अनोळखी जागी एका बाईकसाठी कोणाच्या हातात काय आहे ते बघायला जायचं नसतं. आणि उघड्यावर तर अजिबात झोपू नका, अकोले-जुन्नरकडे बिबट्या आहे.

तंबूच्या चेनला छोटं कुलूप लावणारे लोक पाहिलेत मी. कापड आहे ते, ब्लेडने फाटतं, वर कुलूप बघून वाटतं आत काहीतरी आहे. पाकीट, फोन, चावी एका पाउचमध्ये आणि पाउच स्लीपिंग बॅगमध्ये पायाशी. बूट तंबूच्या आत, चोरासाठी नाही, कुत्र्यांसाठी, एक बूट नेतात आणि दुसरा ठेवतात. गर्दीच्या गडावर टपरीत फोन चार्जिंगला लावून झोपायला जाऊ नका, सकाळी कोणाचा कुठला तेच कळत नाही, चोरी म्हणावी का अदलाबदल हा पण वाद होतो.

आता पोलिसांचं. दिवस जाईल म्हणून गेला नाहीत हे चुकलंच, कारण तुझी आरसी गेलीय. डुप्लिकेट आरसीसाठी आरटीओला फॉर्म २६ भरायचा असतो आणि सोबत पोलिसांकडची नोंद लागते, म्हणजे जायचं तर आहेच. तोपर्यंत डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमधली आरसी चालते, ट्रॅफिकवाल्यालाही चालते, आणि म्हणूनच यापुढे ओरिजिनल कागद गाडीत ठेवायची काही गरज नाही. हप्त्याची गाडी आहे तर फायनान्सवाल्यालाही कळवून ठेव.

सह्याद्रीत हद्दीची गंमत फार आहे. हरिश्चंद्रगडच बघ, पाचनईला गाडी लावली तर अकोले तालुका आणि राजूर पोलीस स्टेशन, खिरेश्वरला लावली तर जुन्नर तालुका आणि ओतूर, बेलपाड्याहून नळीच्या वाटेने चढलास तर ठाणे जिल्हा आणि टोकावडे. एकच गड, तीन जिल्हे. सांदणचंही तेच, साम्रद अकोले तालुक्यात आणि खालचं डेहणे शहापूर तालुक्यात. त्यामुळे "आमच्या हद्दीत येत नाही" हे ऐकायला लागू शकतं. जुलै २०२४ पासून जे नवीन कायदे आलेत त्यात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्टच आहे की गुन्हा कुठल्याही हद्दीत झालेला असो, खबर घ्यावी लागते, झिरो एफआयआर म्हणतात ती हीच. ऑनलाइन कळवलं तर तीन दिवसांत जाऊन सही करायची असते. एफआयआरची कॉपी फुकट मिळते, मागून घ्यायची. शांतपणे बोल, कलम तोंडावर फेकू नकोस, तिथला हवालदार शंभर किलोमीटरचा डोंगरपट्टा सांभाळत असतो. रेंज मिळाली की पहिला फोन ११२ ला.

तुझी पॉलिसी आजच काढून बघ. नुसती थर्ड पार्टी असेल तर गाडी चोरीला गेल्यावर एक रुपया मिळत नाही. कॉम्प्रिहेन्सिव्ह असेल तर आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत लिहिलेल्या गाडीच्या किमतीच्या हिशोबाने मिळतात, तेही पोलिसांनी तपास करून गाडी सापडत नाही असा अहवाल दिल्यावर, आपल्याकडे त्याला 'अ समरी' म्हणतात, त्याला महिने जातात आणि तोपर्यंत हप्ते चालूच. हेल्मेट, बॅग, रेनसूट यांचे पैसे गाडीच्या साध्या पॉलिसीत येत नाहीत. कंपनीला लगेच मेल कर, एफआयआर वेळेत असेल तर कंपनीला कळवायला उशीर झाला एवढ्यावरून क्लेम नाकारता येत नाही असं सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये सांगितलंय, पण कोर्टात भांडत बसण्यापेक्षा मेल बरा. चॅसी नंबर, इंजिन नंबर आणि गाडीचे चार बाजूंनी फोटो फोनमध्ये आणि घरच्या कोणाच्या तरी फोनमध्ये पण ठेव, कारण फोनच गेला तर? फोन गेला तर संचार साथीच्या साइटवर ब्लॉक करता येतो, त्यासाठी आयएमईआय नंबर लागतो, स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबलं की दिसतो, आत्ताच दाबून कागदावर लिहून ठेव.

हेल्मेट आरशाला कधीच नाही. हेल्मेट मामांच्या घरात खुंटीला. सॅडल बॅग काढून सोबत न्यायची, नाहीतर तीही घरात, आणि पत्रात जसं "पट्टे कापून" लिहिलंयस तसं परत लिहायला लागू नये म्हणून बॅगेसाठी लॉक शोधत बसू नकोस, मोकळ्या रॅकची बाईक बघून कोणी थांबत नाही. नवीन चकचकीत कंपनीचं बाईक कव्हर पण घालू नकोस, जुनं मळकं घाल, नवीन कव्हर स्वतःच चोरीला जातं, माझं गेलंय.

आईला काय सांगायचं ते तू ठरव, पण ज्या मामांकडे गाडी लावणार त्यांचा नंबर तिला देऊन जा आणि निघायच्या आधी एकदा तिचं त्यांच्याशी फोनवर बोलणं करून दे. दोघं मिळून तुझ्या जेवणाचं काय ते ठरवतील आणि गाडीचा विषय तिथेच मागे पडेल. मामांना निघताना नाशिकचा चिवडा ने एक किलो. माझा गेला तसा सीटवर ठेवू नकोस, सॅकमध्ये ठेव.